तीन खुणा, दोन कोन आणि उजनीतली होडी

प्रश्न : आमचे मामा करमाळ्याकडं उजनीच्या पाण्यात जाळं टाकतात. रविवारी सोबत गेलो होतो तर इंजिनजवळ मोबाईलचं होकायंत्र नुसतं गरगर फिरत होतं, मामा मात्र "टाकी देवळामागं गेली, इथंच बघ" म्हणून थांबले आणि जाळं बरोब्बर सापडलं. मित्र म्हणतो कोन मोजूनपण जागा काढता येते, होकायंत्र लागतच नाही. खरंय का, सांगा की.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : खरंय, आणि मामा करतात तेपण त्याच घराण्यातलं आहे बरं का. टाकी आणि देऊळ एका रेषेत आलं की होडी त्या रेषेवर, दुसरीकडं अशीच अजून एक जोडी जुळली की दोन रेषा छेदतात तिथं जाळं. पण दरवेळी अशा जोड्या मिळत नाहीत, मग कोन.

दहावीची भूमिती आठवा, एकाच कंसात आंतरलिखित झालेले सगळे कोन एकरूप, पाठ करून मार्क घेतले आणि विसरलो. त्याचा उपयोग इथं आहे. टाकी आणि टॉवर यांच्यात तुम्हाला ३० अंशांचा कोन दिसला तर तुम्ही एका ठराविक वर्तुळाच्या कंसावर कुठंतरी आहात, त्या कंसावर कितीही सरका कोन ३०च राहणार. टाकी-टॉवर अंतर १ किमी असेल तर त्या वर्तुळाची त्रिज्यापण १ किमीच येते. आता टॉवर आणि देवळातला कोन घ्या, दुसरं वर्तुळ मिळालं. दोन्ही टॉवरपाशी छेदतात, ते होणारच कारण टॉवर दोन्हीत आहे, आणि उरलेला दुसरा छेद म्हणजे होडी. यात उत्तर दिशा कुठंच लागली नाही, म्हणून इंजिनचं लोखंड काही बिघडवू शकत नाही.

वर्तुळं काढत बसू नका. ट्रेसिंग पेपरवर एका बिंदूतून तीन रेषा काढा, मधे मोजलेले दोन कोन, आणि नकाशावर सरकवत राहा, तिन्ही रेषा तिन्ही खुणांवरून गेल्या की बिंदूपाशी टाचणी टोचा. सिव्हिल डिप्लोमावाल्यांना हे प्लेन टेबलमुळं, म्हणजे जागेवरच फळीवर कागद लावून नकाशा काढायच्या पद्धतीमुळं, माहीत असेल. जहाजावर सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायचं आरशाचं उपकरण, आडवा धरून कोन मोजतात. होडी वाहत असते म्हणून दोघांनी दोन कोन एकाच वेळी घ्यावेत. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, पण तो अंदाजच, १ किमीवरच्या खुणेला १ अंश चुकला म्हणजे जवळपास १७ मीटरचा फरक.

एक खोड सांगतो. मी हे पहिल्यांदा पाहुण्यांच्या शेततळ्यावर करून बघितलं, तीन कोपऱ्यांवर काठ्या रोवल्या आणि स्वतः चौथ्या कोपऱ्यात कंपासपेटीतला कोनमापक घेऊन उभा. पेपर सरकवला तर एका जागी बसेना, सगळीकडंच जुळायला लागला! अर्धा तास कोनमापकाला शिव्या घातल्या मग ट्यूब पेटली, आयताचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतात, म्हणजे दोन वर्तुळं एकावर एक बसली, छेद कुठून येणार. म्हणून मधली खूण आपल्याकडं जवळची घ्यायची, नाहीतर तिन्ही साधारण सरळ रेषेत हव्यात.

आणि उजनीत पाण्यात घुसलेली जमिनीची सोंड खूण म्हणून धरू नका, मे महिन्यात तिचं टोक भलतीकडंच असतं. टाकी, शिखर, टॉवर, जे नकाशावर आहे तेच घ्या.