मूठ किती वाजता वळली?

"गोळी कमी केली की दुखतं, मग कमी करायचीच कशाला?" आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) पेशंटकडून हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकलाय, तितका दुसरा कुठलाच नाही. गोळी म्हणजे स्टिरॉइडची, प्रेडनिसोलोन. बहुतेकांची ५ मिलिग्रॅमची, सकाळच्या नाश्त्यानंतरची. डॉक्टर म्हणतात आता हळूहळू सोडू. पेशंट मान हलवतात, आणि बाहेर माझ्या खोलीत येऊन म्हणतात, ही सोडून बाकी काहीही सांगा.

वेंगुर्ल्याजवळच्या एका काकींची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगतेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काकी काजू कारखान्यात सोलायच्या कामाला. भाजून फोडलेल्या गरावरची पातळ साल काढायची, गर मोडू द्यायचा नाही, मजुरी किलोवर. हे सगळं काम बोटांच्या टोकांचं, आणि आमवात बहुधा आधी धरतो तो बोटांचे सांधेच. नऊ वर्षांपूर्वी दुखणं सुरू झालं तेव्हा सकाळी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यावा लागे. स्टिरॉइड सुरू झालं आणि चार दिवसांत त्या पुन्हा कामावर गेल्या. ज्या औषधानं हात परत दिले त्यावर माणसाचा जीव जडणारच. जगातही या औषधाची सुरुवात याच आजारापासून झाली. सप्टेंबर १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आमवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड टोचलं, आणि काही दिवसांत ती चालू लागली. त्या कामाला १९५० साली नोबेल मिळालं. जास्त दिवस, जास्त मात्रेत दिलं तर काय होतं, ते त्यानंतर कळत गेलं.

काकींच्या बाबतीत तेही दिसू लागलं होतं. हाडांची घनता उतरलेली, जेवणानंतरची साखर काठावर, आणि हाताची कातडी अशी पातळ की चुलीचं लाकूड नुसतं घासलं तरी काळंनिळं व्हायचं. दुसऱ्या बाजूला दर सोमवारची मेथोट्रेक्सेट चांगली लागू पडली होती, सूज नव्हती, ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, वर्षभर ताब्यात होत्या. स्टिरॉइड कमी करायला हवं ते अशाच वेळी. खरी आग विझवणारं औषध मेथोट्रेक्सेटसारखं, पण त्याला जोर धरायला दीड ते तीन महिने लागतात. तोवर स्टिरॉइड धीर देतं.

हे सगळं मी त्यांना पहिल्या भेटीत नीट समजावलं आणि शेवटी म्हटलं, "काकी, घाबरू नका."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमी सांगतास ता खरा. पण पडलंय मी."

मी विचारलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मुंबईहून आलेल्या एका नातेवाइकानं गोळीचं पाकीट पाहिलं आणि 'ही हाडं पोखरते, आजच्या आज बंद कर' म्हणून सांगितलं. काकींनी बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही. दोन दिवस काही झालं नाही. मग अंगातलं त्राणच गेलं, जेवण जाईना, उलट्या सुरू झाल्या, आणि सहाव्या दिवशी सकाळी न्हाणीत उभ्या राहिल्या आणि चक्कर येऊन पडल्या. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, रक्तदाब पार खाली. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन गेल्यावर काही तासांत उठून बसल्या. काकींनी त्यातून एकच अर्थ काढला, ही गोळी म्हणजेच आपला जीव. त्यांच्या जागी मीही तोच काढला असता.

नातेवाईक हाडांबद्दल खोटं बोलला नव्हता. पण 'आजच्या आज' हे दोन शब्द जिवावर बेतले असते.

म्हणून पुढच्या भेटीत आम्ही गोळीबद्दल बोललोच नाही, त्या पडण्याबद्दल बोललो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, अॅड्रिनल. शरीराला लागणारं स्वतःचं स्टिरॉइड त्या रोज बनवतात, ढोबळ मानानं ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या आसपास भरेल इतकं, आणि पहाटे ते सर्वांत जास्त. बाहेरून रोज गोळी येऊ लागली की या ग्रंथी काम थांबवतात. मी काकींना विचारलं, वाडीत नळ आल्यावर विहिरीचं काय झालं? गाळानं भरली, म्हणाल्या. आणि नळ एकदम बंद केला तर? थोडा वेळ गप्प राहून त्याच म्हणाल्या, "म्हणजे आदी बाव उपसूक व्हयी."

तेवढंच. विहीर उपसायला वेळ मिळावा म्हणून नळ थोडा थोडा बारीक करायचा. काही जणांच्या ग्रंथी काही आठवड्यांत जाग्या होतात, काहींना वर्षही लागतं.

डॉक्टरांनी त्यांच्यासाठी बेत आखला. एक दिवस ५ मिलिग्रॅम, एक दिवस अडीच, असे सहा आठवडे. मग रोज अडीच. मग रक्ताची तपासणी आणि पुढचं पुढे. हा बेत काकींचा आहे. तुमची मात्रा, तुमची वर्षं, तुमची साखर वेगळी, तेव्हा तो उचलून घरी वापरू नका. सुरुवात कधी करायची यावर मात्र मी अडून बसले. जुलै चालू होता. पुढं चवथ, मुंबईची माणसं घरी, पहाटेपासून चूल, मोदक, आरत्या, जागरणं. त्या आठ-दहा दिवसांत बाईचं अंग कशानंही दुखेल आणि दोष गोळी कमी करण्याला लागेल. डॉक्टरांनी मानलं. गणपती पाण्यात गेल्यानंतरच्या सोमवारपासून सुरू केलं.

घरच्या कॅलेंडरवर रोज एकच गोष्ट लिहायची ठरली, सकाळी मूठ पूर्ण वळली ती वेळ. काकी सहाला उठतात. 'मूठ ६.२०', 'मूठ ६.२५' असं दुधाच्या हिशेबाशेजारी दिसू लागलं.

अकराव्या दिवशी फोन आला. "परत इला, मॅडम."

इथं मी सगळ्यांना थोडं थांबवते, कारण याच टप्प्यावर बहुतेक जण गोळी स्वतःच वाढवतात आणि 'मला सोडवतच नाही' असं कायमचं ठरवून टाकतात. गोळी कमी केल्यावरची सगळी दुखणी आजाराची नसतात. शरीराला कमी स्टिरॉइडची सवय होईपर्यंत अंग मोडून येतं, मांड्या आणि खांदे भरून येतात, थकवा असतो, चिडचिड होते. हे बहुधा काही दिवसांत, दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. आमवात उसळला तर चित्र निराळं असतं: ठरावीक सांधे सुजतात, गरम लागतात, दाबलं की कळ येते, आणि सकाळचा ताठरपणा तासाच्या वर जातो. दोन्ही एकत्रही येऊ शकतं, म्हणून निवाडा फोनवर माझ्यासारखीनं करायचा नसतो, पण काय विचारायचं ते मला ठाऊक होतं.

बांगड्या चढतात का? चढतात. बोटांची पेरं सुजलीत? नाही. कुठं दुखतं? "मांडये नि खांदे. लावणीच्या पयल्या दिसाक दुखता तसा." आणि आज मूठ? कॅलेंडरपाशी जाऊन वाचून दाखवलं, ६.२५. उलटी, चक्कर, उभं राहिल्यावर अंधारी? नाही.

यातलं शेवटचं उत्तर 'हो' असतं तर मी दुसरं काही न बोलता दवाखान्यात जायला सांगितलं असतं. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलले. मात्रा आहे तीच ठेवायची, आणखी कमी करायची नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात आडवं आणि उभं असा दोन्ही वेळचा रक्तदाब बघायचा, सीआरपी करायचं. दोन्ही ठीक आलं. तिसऱ्या आठवड्यात काकी पुन्हा कारखान्यात होत्या.

पुढचं सगळं सरळ गेलं नाही. दिवाळीनंतर रोज अडीचवर आल्या. जानेवारीत सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल, म्हणजे ग्रंथी बनवतात ते शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, तपासलं. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची होती. ग्रंथी जाग्या होत होत्या, पण पुरत्या नाहीत. आणि फेब्रुवारीत, काजूचा हंगाम तोंडावर असताना, कॅलेंडरवर 'मूठ ७.५०' आलं. मग 'मूठ ८.१५'. डावं मनगट सुजलेलं, गरम. या वेळी काकींनी 'परत इला' म्हटलं नाही, वेळा वाचून दाखवल्या आणि विचारलं, "हा खरा, न्हय?" खरंच होतं. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट वाढवली, स्टिरॉइड तीन आठवडे पुन्हा ५ केलं आणि नंतर अडीचवर आणलं. त्यांना वाटलं आपण नापास झालो. मला तसं मुळीच वाटत नाही. मुख्यतः युरोपात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२०मध्ये आले होते. आजार ताब्यात असलेल्या, टोसिलिझुमॅब हे दुसरं औषध चालू असलेल्या २५९ आमवाताच्या पेशंटपैकी निम्म्यांचं ५ मिलिग्रॅम स्टिरॉइड हळूहळू शून्यावर आणलं. त्यांच्यातल्या ६५ टक्क्यांचा आजार तरीही ताब्यात राहिला; ज्यांनी ५ चालूच ठेवलं त्यांच्यातही तो आकडा ७७ होता, शंभर नव्हे. म्हणजे पुष्कळांना सोडता येतं, काहींना नाही, आणि गोळी चालू ठेवूनही काहींचा आजार उसळतोच. यात हिमतीचा संबंध नाही.

एक बाजूची गोष्ट, पण कोकणात फार दिसते म्हणून सांगते. 'मी स्टिरॉइड घेतच नाही, फक्त जडीबुटीची पुडी' म्हणणाऱ्यांनी ती बिननावाची पुडी डॉक्टरांना दाखवा. दोन दिवसांत गुडघे चमत्कारासारखे सुटत असतील तर तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. ती संपली आणि पुढची मिळाली नाही, तर काकी न्हाणीत पडल्या तशा तुम्हीही पडाल, आणि दवाखान्यात कारण कुणालाच सांगता येणार नाही.

काकींच्या पाकिटात आता एक चिठ्ठी असते: किती वर्षं, किती मात्रा, ताप आल्यावर किती दिवस दुप्पट घ्यायची, आणि उलटीमुळं गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शनसाठी लगेच दवाखान्यात जायचं. आजारपणात निरोगी शरीर स्वतःचं स्टिरॉइड वाढवतं, अर्धवट जागी ग्रंथी तेवढं देऊ शकत नाही. गोळी पूर्ण सुटल्यावरही काही महिने ही चिठ्ठी जवळ ठेवायची असते. यंदा जूनमध्ये काकींना ताप आला. पावसातला ताप म्हणजे सिंधुदुर्गात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) धास्ती. सुनेनं चिठ्ठी काढली, वाचली, त्याप्रमाणे मात्रा दुप्पट केली आणि त्याच दिवशी त्यांना तपासायला नेलं. लेप्टो निघाला नाही. चार दिवसांत ताप उतरला, आणि गोळी पुन्हा अडीचवर आली.

गेल्या भेटीला डॉक्टर म्हणाले, आता अडीचही एक दिवसाआड करून बघू. काकींनी पिशवीतून जुलैचं पान काढून टेबलावर ठेवलं. महिनाभर साडेसहाच्या पुढं एकही मूठ नव्हती. मग म्हणाल्या, "करूया. पण चवथ झाल्यार."