वडिलांना डिमेन्शिया आहे, घरी सांभाळणं आता होत नाही. पुण्यात केअर होम निवडताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की वडील ७६ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पहाटे चारला उठून ‘ड्युटीला उशीर झाला’ म्हणत कडी काढून निघतात, एकदा थेट स्वारगेटला सापडले. आईचे गुडघे गेलेत, तुम्ही नोकरीवर, आणि नातेवाईक म्हणतायत ‘वृद्धाश्रमात टाकू नका’. या शेवटच्या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. असं म्हणणाऱ्यांना आठवडाभर रात्रपाळीला बोलवा. आमच्याकडे एक काका खरंच आले. दोन रात्री राहिले, तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत गेले आणि त्यानंतर या विषयावर त्यांनी तोंड उघडलेलं नाही.

मी हे माझ्या आत्यासाठी केलं. ती ३४ वर्षं पोस्टात होती, बचत बँकेच्या काउंटरवर. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली. २०१९ मध्ये अल्झायमरचं निदान झालं, २०२२ मध्ये केअर होम. खरं म्हणजे दोन केअर होम, कारण पहिलं आमचं साफ चुकलं.

पहिली जागा आम्ही रविवारी सकाळी अकराला, वेळ ठरवून बघितली. चकचकीत लिफ्ट, रिसेप्शनवर कारंजं, भिंतीवर हसऱ्या आजीआजोबांचे फोटो. आम्ही काय विचारलं? एसी आहे का, टीव्ही आहे का, फिजिओथेरपिस्ट येतो का. रात्री मावशी किती असतात हे विचारायचं आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

आत्याचं असं होतं की संध्याकाळी पाच वाजले की तिची घालमेल सुरू व्हायची. ‘कॅश टॅली झाली का?’ (दिवस कलला की या आजारात अस्वस्थता वाढते; तुमच्या वडिलांची पहाट तशी आत्याची संध्याकाळ.) तिथली मुलगी तिला सांगायची, ‘आजी, तुम्ही कधीच्या रिटायर झालात, बसा खाली.’ झालं. एक तर कॅश टॅली नाही, वर ‘आजी’! ‘मी कुणाची आजी गं?’ म्हणून आत्या तिच्या अंगावर धावून जायची. महिन्याभराने ती शांत झाली. आम्हाला वाटलं, रुळली. मग एका दुपारी मी अचानक गेलो, तर ती खुर्चीत मान टाकून बसलेली, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ, पदर ओला. औषधांचा कागद मागितला तेव्हा कळलं, क्वेटियापिन (गुंगी आणणारं एक अँटिसायकॉटिक, म्हणजे मनोविकारावरचं औषध) सुरू केलंय आणि दोनदा वाढवलंय. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. अडीच महिन्यांत वजन ६ किलो उतरलं होतं.

ही औषधं कधीच देऊ नयेत असं मी म्हणत नाही, कधी कधी लागतात. पण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अँटिसायकॉटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००५ मध्येच दिलेला आहे. ल्युई बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल तर ती फारच जपून द्यावी लागतात, तेव्हा वडिलांचा प्रकार कोणता हे न्यूरोलॉजिस्टकडून लिहून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावा. केअर होमला विचारा, ‘रात्री झोपत नसतील तर काय करता?’ उत्तरात पहिला शब्द ‘गोळी’ आला तर चहा पिऊन उठा. डोस बदलण्याआधी घरच्यांना फोन करू, हे लेखी घ्या.

दुसरी जागा म्हणजे एक जुना बंगला, बाहेरून रंग उडालेला. मी न कळवता साडेपाचला गेलो आणि त्यांनी आत घेतलं, हीच पहिली चांगली खूण. १४ जण राहत होते. एक मावशी एका आजोबांना मऊ भात भरवत होती. घास दिला की थांबायची, गळा हललेला बघायची, मगच दुसरा. कोपऱ्यात एक बाई दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, ‘माझा मुलगा आला का?’ दुसरी मावशी दर वेळी त्याच आवाजात सांगत होती, ‘निघालाय, गाडीत बसलाय. तोवर एवढा लसूण सोलून द्या.’ मी अर्धा तास बसलो. प्रश्न पंधरा वेळा तरी आला असेल, मावशीचा आवाज एकदाही चढला नाही. लसणाची वाटी मात्र भरली.

आत्याला तिथे हलवलं. आधी त्यांनी विचारलं, पोस्टात हिला काय म्हणायचे? ‘ताई’. मग तिथे ती ताईच झाली. पाचला कॅशचा धोशा सुरू झाला की मावशी एक जुनी वही आणून द्यायची, ‘ताई, टॅली झाली, सही करा.’ आत्या आकडे तपासल्यासारखं करायची, सही ठोकायची आणि चहा प्यायची. यात कुठलं मोठं शास्त्र नाही, पण त्यासाठी मावशी तिथे महिनोन्‌महिने टिकावी लागते. म्हणून माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच: इथल्या मावश्या आणि मामा किती दिवसांपासून आहेत? स्वतःच्या पगारावर आहेत की ब्यूरोतून रोज नवा चेहरा येतो? रात्री १४ जणांमागे किती, आणि त्या जाग्या असतात की झोपतात? मॅनेजरला विचाराच, पण मावशीलाही विचारा, एकटं गाठून. ‘किती वर्षं झाली इथे?’ एवढ्यावरून बरंच कळतं.

तुमच्या बाबतीत एक वेगळी अडचण येईल. वडील चालतेफिरते आहेत. बऱ्याच साध्या वृद्धाश्रमांची अट असते की स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे, आणि ‘निघून जातात’ म्हटलं की ते नाही म्हणतात. काही ठिकाणी उलट अंथरुणाला खिळलेला माणूस लगेच घेतात. तो कुठे जात नाही, सांभाळायला सोपा. म्हणून फोनवरच स्पष्ट सांगा की हे पहाटे निघतात. लपवलंत तर पंधरा दिवसांत ‘घेऊन जा’ म्हणून फोन येईल. गेटला कुलूप हवंच, पण आत फिरायला जागाही हवी. अंगण असलं तर उत्तम, नाहीतर एक लांब व्हरांडा तरी; गच्ची मात्र नको. दिवसभर खोलीत कोंडलेला कंडक्टर रात्री कसा झोपेल?

बांधून ठेवतात का, हेही सरळ विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात स्मरणशक्ती आणि स्थळकाळाचं भान यांचे गंभीर विकारही येतात. त्या कायद्याखालच्या संस्थेत साखळीने बांधायला सक्त मनाई आहे, आणि इतर प्रकारे जखडायचं तर तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून. म्हणून जागेची नोंदणी कशाखाली झाली आहे तेही बघून घ्या. पहिल्या जागी आत्याच्या मनगटावर ओढणीचा वळ होता. ‘सलाइनसाठी’ असं उत्तर मिळालं.

बाकी बघण्यासारखं थोडक्यात. संडास-बाथरूम स्वतः उघडून बघा: जमीन कोरडी, धरायला दांडे, आतून कडी नको. लघवीचा वास येतो का, आणि फिनेलचा वास फारच येत असेल तर का येतो. वजनाची वही मागा. दर महिन्याला वजन घेणारी जागा जेवण भरवते, हा माझा अनुभव. अंथरुणावर असलेल्यांना दोन तासांनी कुशीवर वळवतात का, कुणाला बेडसोअर आहेत का.

पैशांचं सांगतो. आम्ही २०२२ मध्ये सहा जागा बघितल्या, महिना २५ हजारांपासून ६० हजारांपर्यंत. डायपर, औषधं, डॉक्टरची फेरी बहुतेक ठिकाणी वेगळी. डिपॉझिट परत कधी आणि किती, मध्येच काढलं तर किती दिवसांची नोटीस, हे करारात वाचा. मेडिक्लेम या राहण्याच्या खर्चाला सहसा उपयोगी पडत नाही. आणि एक प्रश्न कुणी विचारत नाही: रात्री दोनला हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली तर सोबत कोण जाणार, आणि तिथे कॉटजवळ कोण बसणार? आमच्याकडे ठरलं होतं की मी पोचेपर्यंत मावशी थांबेल. लघवीच्या इन्फेक्शननेसुद्धा ही माणसं एका दिवसात पार बरळायला लागतात, तेव्हा ही वेळ येतेच.

कागदपत्रं आत्ताच करा, वडिलांना अजून सही कळते तोवर. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीने काम होईल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण करणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम २०१ प्रमाणे ती संपते. मग पालकत्वासाठी थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यापेक्षा बँकेत आईचं नाव जोडा, नॉमिनेशन करा, मृत्युपत्र करायचं असेल तर डॉक्टरच्या प्रमाणपत्रासह आत्ताच.

काही विचारायचं असेल तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, फुकट. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ पासूनची संस्था, तिची पुण्यातही शाखा आहे. आईला त्यांच्या सपोर्ट ग्रुपला एकदा न्या. माझ्या आईला तिथे एका अनोळखी बाईंच्या खांद्यावर जेवढं रडता आलं तेवढं आमच्यासमोर कधी आलं नाही.

सोडायला जाल तेव्हा सकाळी जा, संध्याकाळी नको. घरची गोधडी, त्यांचा नेहमीचा तांब्या, जुना रेडिओ सोबत द्या. ‘पंधरा दिवस भेटायला येऊ नका, रुळू दे’ असं काही जण सांगतात. मी ते मानलं नसतं, दुसऱ्या जागी कुणी तसं सांगितलंही नाही. आणि एक कागद लिहून न्या: चहात साखर किती, कुठल्या कुशीवर झोपतात, डेपो कोणता, लोक काय हाक मारायचे. मग तिथल्या मावशीला किंवा मामाला विचारा, ‘पहाटे चारला हे ड्युटीला निघाले तर तुम्ही काय म्हणाल?’ आमच्या बंगल्यातल्या मामांना मी परवा तुमचा प्रश्न वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘सांगायचं की साहेब, आज गाडी ब्रेकडाउन आहे. दुसरी येईस्तोवर चहा घ्या.’