वाचकांचे प्रश्न : समुद्रपक्ष्यांसाठी तिथी पाहून निघावे

प्रश्न : आम्ही बेळगावच्या टिळकवाडीतील दोन कुटुंबे गेल्या हिवाळ्यात मार्गशीर्ष शुद्ध नवमीच्या शनिवारी पक्षी पाहण्यासाठी गोव्यातील मोरजीला गेलो होतो. सकाळी निघून चोर्ला घाटाने दुपारी एकच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचलो. दूरवर ओल्या वाळूवर काही ठिपके हलताना दिसले, त्यापलीकडे काही नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला वेळ आणखी दोन किनारे फिरण्यात गेला. यंदा पुन्हा जाण्याचा विचार आहे. आमचे काय चुकले आणि कोणता किनारा निवडावा?

उत्तर : किनारा आपण योग्यच निवडला होता, तिथी आणि वेळ मात्र प्रतिकूल होती. आपण घाटमाथ्यावरची माणसे. राकसकोपच्या किंवा हिडकलच्या जलाशयावर पक्षी पाहण्याची सवय असलेली. तेथे पाणी सकाळी जेथे असते तेथेच संध्याकाळीही असते, त्यामुळे लवकर पोहोचले की झाले, अशी आपली समजूत होते. समुद्रावर पक्ष्यांचा दिवस सूर्यापेक्षा भरती-ओहोटीवर अधिक चालतो आणि मीही पहिली दोन-तीन वर्षे हे न कळल्यामुळे रिकाम्या हाताने परतलो आहे.

कोकणातील मच्छीमारांचा एक जुना हिशोब येथे फार उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते आणि हा हिशोब शुद्ध व वद्य अशा दोन्ही पक्षांना लागू होतो. नवमीची पाऊणपट पावणेसात, म्हणजे भरती सकाळी पावणेसातच्या सुमारास आणि ओहोटी तिच्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, दुपारी एकच्या आसपास. आपण नेमके त्याच वेळी पोहोचलात. ओहोटीला वाळू आणि चिखल उघडा पडतो, चिखल्या, टिलवे, तुतवार असे सगळे किनारपक्षी किडे आणि शिंपले वेचण्यासाठी दूरवर विखुरतात आणि दुपारच्या तापलेल्या हवेत दुर्बिणीतली आकृती थरथरते. शिवाय अष्टमी-नवमीचे दिवस भांगाचे असतात. त्या दिवसांत पाण्याची चढउतार कमी असल्यामुळे पक्षी किनाऱ्याकडे तितके रेटले जात नाहीत.

यंदा द्वादशी शनिवारी आणि त्रयोदशी रविवारी येईल असा आठवडा कॅलेंडरमध्ये शोधावा. कार्तिक-मार्गशीर्षात असा एखादा आठवडा जुळला, तर तो दुसऱ्या कशासाठी देऊ नये. द्वादशीची भरती नऊच्या आणि त्रयोदशीची पावणेदहाच्या सुमारास येते. शनिवारी उजाडल्यावर निघावे, कारण या दिवसांत घाटात पहाटे दाट धुके असते आणि मुलांना घेऊन तो अंधारात उतरण्याचे काही कारण नाही. साखळी, डिचोली, म्हापसा, शिवोली या मार्गाने मोरजी गाठून जेवण आणि विश्रांती उरकावी आणि तीनच्या ओहोटीला शापोरा नदीच्या मुखाशी जावे. तेथे समुद्राकडे पाठ करून नदीच्या बाजूला पाहावे, म्हणजे उतरते ऊन आपल्या पाठीमागे राहते. त्या संध्याकाळी पक्षी मोजण्याचा हट्ट धरू नये. वाळूचा दांडा कोठे आहे, पाणी कोठून चढणार आणि आपण कोठे बसायचे एवढे ठरवून घ्यावे.

खरा कार्यक्रम रविवारी सकाळी सातपासून आहे. पाणी चढू लागते तसा उघडा भाग आकसत जातो आणि विखुरलेले पक्षी हळूहळू एकाच दांड्यावर गोळा होतात. पश्चिम किनाऱ्यावर सकाळचा सूर्य जमिनीच्या बाजूने येत असल्यामुळे पक्ष्यांवर पूर्ण प्रकाश असतो. आपण जागचे न हलता बसलात, तर तेच आपल्या दिशेने सरकत येतात. पाण्याच्या रेषेवर पांढुरके सँडरलिंग दिसतील. लाट मागे गेली की तिच्यामागे धावायचे, ओल्या वाळूत चोच खुपसायची आणि पुढची लाट येताच काळे पाय इतक्या वेगाने टाकत माघारी पळायचे की पाय दिसेनासे होतात. त्यांच्या थोडे वर, कोरड्या वाळूवर, चिखल्या चार पावले पळून एकदम थबकतो, वाकून काहीतरी टिपतो आणि पुन्हा पळतो. मानेभोवती पांढरी पट्टी पूर्ण असेल, तर तो केंटिश चिखल्या. ती नसेल, तर मध्य आशिया आणि तिबेटकडून आलेला सँड प्लोव्हर. हे दोन नीट ओळखता आले, तरी सकाळ सार्थकी लागली असे मी मानतो, आणि म्हणूनच एका दिवसात तीन किनारे पालथे घालण्यापेक्षा एका नदीमुखावर चार तास बसावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पाऊणपटीचा हिशोब अंदाजापुरता आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील वा मोबाइलवरील वेळापत्रक अवश्य पाहावे. परतताना रायबंदर येथून फेरीबोटीने चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्यात जाता येते. ते अवघे 1.78 चौरस किलोमीटरचे खारफुटीचे जंगल आहे, पण रविवारची सकाळ कापून तेथे जाऊ नये.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. किनाऱ्यावर आम्ही सगळ्या पांढऱ्या पक्ष्यांना सरसकट ‘सीगल’ म्हणतो. पुस्तकातील चित्रात काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा असे दोन कुरव (म्हणजे सीगल) दिले आहेत, परंतु प्रत्यक्षात एकाचेही डोके काळे किंवा तपकिरी नव्हते. मुलांना कसे समजावून सांगावे?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. चित्रातील गडद डोके हा विणीच्या काळातील पोशाख आहे. हिवाळ्यात दोन्ही जातींचे डोके पांढरे होते आणि डोळ्यामागे कानाजवळ एक काळसर ठिपका तेवढा उरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, परतीच्या प्रवासापूर्वी, हा रंग पुन्हा चढू लागतो. तेव्हा त्याच थव्यात अर्धवट रंगलेली डोकी दिसतात.

मुलांना डोक्याऐवजी पंखांची टोके पाहायला सांगावे. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक ठळक काळे असते आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके असतात. उडताना ते खिडक्यांसारखे दिसतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कडा पांढरी असते आणि तिची पाचर टोकाकडे निमुळती होत जाते. पक्षी जवळ बसलेला असेल, तर डोळा पाहावा : प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो, दुसऱ्याचा गडद. आणि डोक्याला काळी टोपी, लांब टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी आणि वरून पाण्यात सूर मारण्याची सवय दिसली, तर तो कुरव नसून सुरय (टर्न) आहे. तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट-लडाखच्या उंच सरोवरांकाठी घरटी करतो, हे सांगताना वर्गात नकाशा जरूर उघडावा.

प्रश्न : होडीतून फिरताना कुरवांना शेव-गाठी टाकणे योग्य आहे का? मुलांना फार आनंद होतो. — एक वाचक, निपाणी

उत्तर : योग्य नाही. मुलांचा आनंद खरा आहे, पण तेलकट, खारट फरसाण हे मासे आणि खेकडे खाणाऱ्या पक्ष्याचे अन्न नव्हे, आणि एकदा सवय लागली की थवेच्या थवे होड्यांमागे घोटाळत राहतात. दांड्यावर बसलेल्या थव्यात धावत शिरून तो उडवणे हे मला त्याहूनही अधिक खटकते. भरतीच्या वेळी हे पक्षी आळशीपणाने बसलेले नसतात. चरण्याची जागा पाण्याखाली गेल्यामुळे ते शक्ती राखून असतात. प्रत्येक उड्डाणाला त्यांची साठवलेली चरबी खर्च होते, आणि त्याच चरबीवर त्यांना वसंतात हजारो किलोमीटर परत जायचे असते. एक पक्षी मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागला आणि पाठोपाठ इतरांच्याही माना वर झाल्या की तेथेच थांबावे, ही खूण मुलांना शिकवावी. ती ओळखण्यातही त्यांना आनंद होतो, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : दुर्बीण कोणती घ्यावी आणि समुद्रावर जाण्यापूर्वी सराव कोठे करावा? — एक वाचक, संकेश्वर

उत्तर : 8×42 ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि 42 मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची घ्यावी. अधिक पटीची दुर्बीण हातात स्थिर राहत नाही आणि वाऱ्यात तर मुळीच नाही. सरावासाठी आपल्याला लांब जावे लागणार नाही. गोकाक तालुक्यातील धूपदाळ येथे घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तेथे कांड्या करकोचे येतात. दुर्बीण खारी हवा खाऊन आली की घरी परतल्यावर आधी काचेवरील वाळू फुंकणीने उडवावी आणि मगच मऊ कापड लावावे.