इयर सेव्हनची शाळा हुकली? अपिलाबद्दल तुमचे प्रश्न

१ मार्चच्या सुमारास इंग्लंडमध्ये इयर सेव्हनच्या, म्हणजे सेकंडरी शाळेच्या पहिल्या वर्षाच्या, जागा जाहीर होतात आणि हवी ती शाळा न मिळालेल्या मराठी पालकांचे अपिलाबद्दल ईमेल सुरू होतात. यंदाचे काही प्रश्न.

प्रश्न : काउन्सिलने लांबची शाळा दिली. ती नाकारली तर अपिलाला वजन येईल का? (हॅरो)

अजिबात नाही. मिळालेली जागा आधी स्वीकारा. त्याने अपील लंगडं पडत नाही, वेटिंग लिस्टमधलं नावही जात नाही. नाकारलीत आणि अपील हरलात, तर उरल्यासुरल्या जागा शोधत फिरावं लागेल.

प्रश्न : मुलगी हुशार आहे, शाळेचे निकाल उत्तम आहेत. अपिलाच्या पत्रात आणखी काय लिहू? (मिल्टन कीन्स)

हे दोन्ही मुद्दे जवळजवळ प्रत्येक पत्रात असतात, म्हणून त्यांना किंमत उरत नाही. अपील ऐकणारं पॅनेल शाळेपासून स्वतंत्र असतं, किमान ३ जणांचं. प्रवेशाचे नियम नीट लागू झाले का, हे ते आधी तपासतं. घरापासूनचं अंतर चुकीचं मोजलं, भावंडाची नोंद राहून गेली, अशा चुकीमुळेच जागा गेली असेल तर तुमची बाजू भक्कम. चूक नसेल तर शाळेला सिद्ध करावं लागतं की आणखी एक मूल घेणं अवघड आहे. मग खरा तराजू : शाळेची अडचण मोठी की ती शाळा न मिळाल्याने तुमच्या मुलीचं होणारं नुकसान?

तेव्हा या शाळेत आहे आणि दिलेल्या शाळेत नाही असं काय, ते लिहा. एखादा विषय, वाद्य, विशेष मदत. डॉक्टरांच्या पत्रात नुसतं ‘दमा आहे’ पुरत नाही. त्यासाठी हीच शाळा का, ते हवं. दिलेल्या शाळेला नावं ठेवण्यात मात्र शब्द घालवू नका. आपल्याकडे तो मोह फार.

प्रश्न : मित्राचं रिसेप्शनचं (प्राथमिक शाळेचा पहिला वर्ग) अपील ‘वर्गात ३० मुलं झाली’ म्हणून फेटाळलं. आमचंही तसंच होणार? (रेडिंग)

ती कायदेशीर मर्यादा रिसेप्शन, इयर वन आणि टूपुरती. सेकंडरीला लागू नाही. तरीही बहुतेक अपिलं फेटाळली जातात, हे धरून चाला.

प्रश्न : इलेव्हन प्लसमध्ये (ग्रामर स्कूलची प्रवेश परीक्षा) थोडक्यात हुकलं. (स्लाव)

ग्रामर स्कूलच्या, म्हणजे परीक्षेवर मुलं निवडणाऱ्या शाळेच्या, बाबतीत मूल त्या पातळीचं आहे का, हा प्रश्न आधी येतो. प्राथमिक शाळेचे रिपोर्ट आणि हेडटीचरचं पत्र जोडा. परीक्षेच्या दिवशी आजारपण असेल तर त्याचा त्या वेळचा कागद हवा. खासगी क्लासच्या गुणपत्रिकेवर मी तरी भिस्त ठेवणार नाही.

प्रश्न : वकील लागतो का? (हाउन्स्लो)

नाही. अपील मोफत असतं, सोबत मित्र किंवा नातेवाईक नेता येतो. निकाल शाळेवर आणि तुमच्यावरही बंधनकारक. परिस्थितीत मोठा बदल झाल्याशिवाय त्याच वर्षासाठी त्या शाळेकडे पुन्हा अपील करता येत नाही. पण वेटिंग लिस्ट किमान ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते; सप्टेंबरमध्ये कुटुंबं घरं बदलतात तेव्हा ती बरीच हलते.