गुप्तचर संस्थांचा इतिहास : हेरगिरी नव्हे, संशोधन

प्रश्न : माझी मुलगी कराडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास शिकते. गुप्तचर संस्थांच्या इतिहासावर पीएच.डी. करायची म्हणते. हे गुप्तवार्ता विभागातल्या नोकरीसाठी असते का? यावर पोट भरेल का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. केंद्रीय गुप्तवार्ता विभागातील (आयबी) भरतीची परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. तिचा या अभ्यासाशी थेट संबंध नाही. आपल्या मुलीने निवडलेला विषय निखळ इतिहासाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या गुप्त केंद्रात जर्मन संकेतलिपी फोडली गेल्याचे १९७४ साली उघड झाले, तेव्हा त्या युद्धाचा इतिहास नव्याने तपासावा लागला आणि ब्रिटिश विद्यापीठांत या अभ्यासाला बळ मिळाले.

आपल्याकडे खरी अडचण कागदपत्रांची आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नुसार गुप्तवार्ता विभाग आणि ‘रॉ’ यांना, भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या तक्रारी सोडल्यास, माहिती देण्यापासून सूट आहे. म्हणून स्वातंत्र्योत्तर काळाचा हट्ट तिने तूर्त धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटिश काळातील गृह खात्याच्या राजकीय शाखेच्या फायली मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतील पुष्कळशा ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात.

साताऱ्यातच विषय आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याच्या आरोपासह काही आरोप ठेवून इंग्रजांनी १८३९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले, आणि ते पुरावे कितपत खरे यावर लंडनपर्यंत वाद झाला. अशी खबर कोणी दिली, तिच्यात त्याचा स्वार्थ काय होता, वरिष्ठांनी समासात कोणता शेरा मारला आणि पुढच्या पत्रात तीच खबर ‘सिद्ध’ कशी झाली, हे एकेका कागदावर ताडून पाहणे म्हणजेच हा अभ्यास. पुढे प्रतिसरकारच्या काळातील पोलिसी अहवालही याच कसोटीवर वाचता येतील.

उपजीविकेचे म्हणाल, तर आपल्याकडे केवळ या विषयासाठी प्राध्यापकपदे जवळजवळ नाहीत. तिने शिवाजी विद्यापीठातून किंवा पुण्यातून इतिहासात एम.ए. करावे, सोबत नेट-सेट द्यावी, म्हणजे अध्यापन आणि अभिलेखागारातील काम या दोन्ही वाटा खुल्या राहतील. लंडनच्या किंग्ज कॉलेजात याचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, परंतु शिष्यवृत्ती मिळाल्याखेरीज कर्ज काढून तेथे पाठवू नये. येत्या सुट्टीत मात्र तिला मोडी लिपी अवश्य शिकू द्यावी.