एमएस, उदास मन आणि ओट्याजवळची खुर्ची

प्रिय मुली,

‘व्यायाम कर, बरं वाटेल असं सगळे सांगतात, पण व्यायाम करण्याइतकं बरं वाटत असतं तर रडायचं काय कारण होतं?’ हे तू लिहिलंस, त्यात सगळी गोम आहे. तिथूनच सुरुवात करते.

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, असलेल्या साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन गाठतं. मोठा आजार झाला म्हणून वाईट वाटतं, एवढंच त्यात नसतं. मेंदूतली सूज आणि मायलिनची, म्हणजे नसांवरच्या आवरणाची, झालेली झीज यांचाही त्यात हात असतो. तेव्हा ‘मन खंबीर कर’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजून वाटेला लाव.

एके काळी एमएसच्या रुग्णांना व्यायाम करूच नका, शक्ती राखून ठेवा, असं डॉक्टरच सांगत. १९९६ साली युटा विद्यापीठातल्या प्रयोगात रुग्णांनी १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं हातापायांनी चालवायच्या सायकलवर व्यायाम केला. दम टिकवण्याची ताकद वाढली आणि मनाची उदासीही काही प्रमाणात उतरली. त्यानंतर बरेच प्रयोग झाले. फायदा दिसतो, पण तो लहान ते मध्यम असतो. शिवाय बहुतेक प्रयोगांत मुळात डिप्रेशनचं निदान झालेली माणसं निवडलेलीच नव्हती. म्हणून व्यायामाला औषधाच्या जोडीला बसव, त्याच्या जागी नको. गोळी सुरू असेल तर ती स्वतःहून बंद करायची नाही.

आधी थकवा आणि उदासी वेगळी करून बघ. ढोबळ खूण अशी: एमएसच्या थकव्यात सिनेमाला जावंसं वाटतं, पण अंग उठत नाही, आणि दिवस चढेल तसं ते वाढतं. डिप्रेशनमध्ये जावंसंच वाटत नाही. बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घे. त्यांची कमतरताही अशीच माणसाला लोळवते.

आता नेमकं काय करायचं. एमएसचा सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी मुक्काम असा: आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. तू सुरुवात १० मिनिटांनी कर, एक दिवसाआड. दहाही जड गेली तर सकाळी पाच, संध्याकाळी पाच. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढव, त्याहून जास्त नाही. जोर किती? बोलता यावं, गाता येऊ नये, इतका. शून्य ते दहाच्या मापावर पाच-सहा. हातावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नकोस. एमएसमध्ये काहींचे ठोके श्रमाच्या मानाने चढतच नाहीत, आणि मग माणूस आकड्यामागे धावत स्वतःला दमवतो.

चालायला जाताना सरळ लांब जाऊन परत यायचं नाही. जाताना पाय हलका असतो, येताना चवडा उचलत नाही आणि फरशीच्या कडेला अडखळतो. सोसायटीच्या आवारात फेऱ्या मार, म्हणजे घर कायम शंभर पावलांत राहील. चप्पल नको, टाच धरणारा बूट घाल. एका बुटाचं टोक लवकर झिजत असेल तर फिजिओथेरपिस्टला तो बूटच नेऊन दाखव.

ताकदीसाठी जिम नको. ओट्याजवळ एक पक्की लाकडी खुर्ची ठेव, पाठ भिंतीला टेकलेली. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत टाइल्सवर मागे सरकते आणि माणूस पडतो. खुर्चीच्या पुढच्या कडेला ये, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं वाक आणि ऊठ. बसताना तीनपर्यंत मोजत सावकाश टेक. मांडीची ताकद या सावकाश बसण्यातही वाढते, धपकन बसलीस तर निम्मं काम वाया. आठ वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा आठ. जमत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढव. नंतर ओट्याला हात धरून टाचा उचलणं दहा वेळा, आणि खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून तो छातीकडे ओढणं दहा वेळा. विश्रांती गाळू नकोस. एमएसमध्ये स्नायूंना सांगावा पोचवणारी तारच दमते, नुसता स्नायू नाही.

उष्णतेचं मात्र नीट समजून घे, कारण बरेच जण इथेच घाबरून व्यायाम सोडतात. शरीराचं तापमान किंचित चढलं तरी नजर धूसर होते, मुंग्या येतात, पाय जड होतो. श्रमानंतर नजर अशी धूसर होणं विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवलं. मायलिन गेलेल्या नसांमधून गरमीत संदेश नीट जात नाही, इतकंच. नवं नुकसान होत नाही, आणि अंग निवलं की बहुधा तासाभरात सगळं जागेवर येतं. म्हणून सकाळी लवकर कर. आधी गरम पाण्याने आंघोळ नको. आधी १५ मिनिटं मानेभोवती ओला गार पंचा ठेव, मध्येमध्ये गार पाण्याचे घोट घे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर कामाला येतो. मुंबई-कोकणात घामच सुकत नाही, तिथे कूलर म्हणजे दमटपणात भर. पंखा आणि गार पाणी बरं. लघवीच्या धाकाने पाणी तोडू नकोस, त्याने लघवीचा त्रास आणि बद्धकोष्ठ दोन्ही वाढतात.

जोर जास्त झाला की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. अंग पिळून निघाल्यासारखं वाटलं तर पुढच्या वेळी निम्मं कर, पण बंद करू नकोस. चांगल्या दिवशी दुप्पट करून पुढचे तीन दिवस अंथरुणात, ही सगळ्यात नेहमीची चूक. नवी लक्षणं २४ तासांहून जास्त टिकली, तर ताप किंवा लघवीचा संसर्ग नाही ना ते बघ आणि न्यूरॉलॉजिस्टला फोन कर. रिलॅप्स, म्हणजे आजाराची नवी उसळी, चालू असताना व्यायामाला सुट्टी.

आणि तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर: मूड येण्याची वाट बघायची नाही. डिप्रेशनमध्ये इच्छा कामाच्या मागून येते. वार आणि वेळ आधी ठरव, बूट रात्रीच दाराशी काढून ठेव, आणि उरलेलं सगळं सोडलं तरी दोन मिनिटं करायचीच. वहीत तीन आकडे लिही, शून्य ते दहा: आधीचा मूड, नंतरचा मूड, दुसऱ्या सकाळचा थकवा. डिप्रेशन आधीच सांगून टाकतं, ‘काही उपयोग होणार नाही’. त्याच्याशी वाद घालायला आकडे लागतात.

पण जगणंच नको असे विचार आले, तर वही-व्यायाम बाजूला. त्याच क्षणी घरात कुणाला तरी सांग आणि १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरावर फोन कर, मराठीत बोलता येतं. एमएसमध्ये हा धोका खरोखर जास्त असतो, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते आहे.

दोन आठवड्यांनी वहीची पानं फोटो काढून पाठव. कोरे राहिलेले दिवस नंतर आठवून भरू नकोस, मला तेही बघायचे आहेत.

तुझी,
ताई