वाचकांचे प्रश्न : रेडमधल्या डिस्क बदलताना

प्रश्न : ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर ४ टीबीच्या तीन डिस्कची एमडीएडीएमने (लिनक्सवर रेड सांभाळणारा प्रोग्रॅम) केलेली रेड-५ (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकवणारी डिस्कची जुळणी) आहे, तिच्यावर एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम. जागा संपत आली म्हणून ८ टीबीच्या तीन डिस्क आणल्या. एकेक जुनी काढून नवी घातली तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण आधी काढून मग घालू नका. जुनी डिस्क निघाली की नवी भरेपर्यंत रेड उघडी पडते, आणि नेमक्या त्याच वेळी उरलेल्या दोन जुन्या डिस्क सलग वाचल्या जातात. कित्येक महिने कोणी न वाचलेला खराब सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) हमखास तेव्हाच समोर येतो.

एक साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) रिकामा असेल तर नवी डिस्क तिथे लावा. पोर्ट हॉट-स्वॅप, म्हणजे चालू सर्व्हरवर डिस्क लावू देणारा, नसेल तर तेवढ्यापुरता सर्व्हर बंद करावाच लागेल. बॅकअप घ्या, रेडच्या सिंक-अ‍ॅक्शन या सिस्टिम फायलीत 'चेक' लिहून तपासणी पूर्ण होऊ द्या. नव्या डिस्कवर जीपीटी (पार्टिशन तक्त्याचा एक प्रकार) आणि पूर्ण आकाराचं पार्टिशन करा. जुन्याचा पार्टिशन तक्ता तसाच उतरवला तर शेवटी एक जीबीही वाढत नाही, आणि लोक दोष एमडीएडीएमला देतात! मग एमडीएडीएमच्या '--अ‍ॅड'ने ती स्पेअर (राखीव डिस्क) म्हणून घाला आणि '--रिप्लेस' जुनी '--विथ' नवी असा हुकूम द्या. जुनी डिस्क शेवटपर्यंत कामात राहते. तिचा एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर तेवढा भाग इतर दोन डिस्कवरून काढला जातो. सेकंदाला १५० एमबी वेग धरला तर ४ टीबीला साडेसात तास लागतात. प्रगती प्रॉक-एमडीस्टॅट या फायलीत दिसते.

कॉपी संपली की जुनी 'फॉल्टी' दिसेल. घाबरू नका, '--रिमूव्ह' करा. मात्र खोक्यातून काढताना लिनक्सने दिलेल्या एसडीबी-एसडीसी या नावांवर जाऊ नका. ती बूटनंतर बदलू शकतात. स्मार्टसीटीएल '-आय' (डिस्कची माहिती देणारी आज्ञा) यातला सीरियल नंबर डिस्कच्या लेबलशी जुळवा.

अशाच रीतीने तिन्ही बदलल्यावर रेड वाढवायला '--ग्रो --साइज=मॅक्स'. वाढीव भागाचं रीसिंक (डिस्क एकमेकींशी जुळवणं) चालेल. मग फाइल सिस्टिम वाढवायला रिसाइझ२एफएस, माउंट काढायची (ती वापरातून बाहेर काढायची) गरज नाही. मध्ये एलव्हीएम (जागेची वाटणी करणारा थर) असेल तर आधी पीव्हीरिसाइझ आणि एलव्हीएक्स्टेंड. वापरायला १६ टीबी मिळतील, आधीसारखे ८ नव्हे.

प्रश्न : डेबियन लिनक्सवर रीबूटनंतर रेडचं नाव एमडी०चं एमडी१२७ झालं. डेटा गेला का?

उत्तर : नाही, फक्त नाव बदललं. बूटच्या वेळी इनिटरॅमएफएसमधल्या (सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी सिस्टिम) एमडीएडीएम.कॉन्फ या सेटिंगच्या फायलीत तुमच्या रेडची ओळ नसली की असं होतं. '--डिटेल --स्कॅन'ची ओळ त्या फायलीत घाला, तिथलं नाव एमडी० करा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस '-यू' चालवा. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची याची यादी) मात्र यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा न बदलणारा ओळख क्रमांकच लिहा.